एक इंच पाऊस, एक अशनी

बुलढाणा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर. मलकापूरपासून लोणारपर्यंत आणि संग्रामपूरपासून देऊळगाव राजापर्यंत या सगळ्या जमिनीवर एकाच दिवशी सरसकट एक इंच पाऊस झाला असं धरू. पडलेलं पाणी भरतं सुमारे २४ कोटी टन. हे पाणी वर ढगात वाफ होतं, आणि वाफेचं पाणी होताना किलोमागे साधारण साडेचोवीस लाख ज्यूल उष्णता सुटते. गुणाकार केला की उत्तर येतं ६ वर १७ शून्यं इतके ज्यूल.

लोणारचं विवर ज्या धडकेनं झालं, तिची ऊर्जाही जवळपास एवढीच होती.

बीएस्सीच्या वर्गात हे वाक्य टाकलं की पोरं आधी हसतात, मग वही उघडतात. एक इंच पाऊस म्हणजे जून-जुलैतला कुठलाही बरा दिवस. त्या दिवशी नदीला थोडं पाणी येतं, पेरणीची घाई होते, वीज जाते. त्यात विवर कुठून आलं? कुणीतरी विचारतंच, ‘सर, गणितात कुठं शून्य जास्त पडलं का?’

नाही पडलं. पण शून्य जास्त पडलं का हे तपासायची इच्छा होणं, इथून भौतिकशास्त्र सुरू होतं असं माझं मत आहे. जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि तिथं भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलांचे प्रश्न बहुधा दोन जातींचे असतात. पहिला : ‘सर, माझं उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळत नाही.’ दुसरा : ‘सर, बीएस्सी झाल्यावर मी काय करू? एमएस्सी, बीएड, का एमपीएससी?’ पहिल्याला सूत्र दाखवून वाटेला लावता येतं. दुसऱ्यासाठी बसावं लागतं. मला दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, आणि ते ठिकाण याच जिल्ह्यात आहे.

लोणारच्या माहितीत सर्रास वाचायला मिळणारा अंदाज असा : वीस लाख टनांचा अशनी, वेग ताशी ९०,००० किलोमीटर. पहिलं काम, ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करणं. निम्मी मुलं इथंच घसरतात. उत्तर आहे सेकंदाला २५,००० मीटर. म्हणजे आकाशातला शेवटचा शंभर किलोमीटरचा पट्टा सरळ खाली येताना चार सेकंदांत पार. गतिज ऊर्जा काढायची : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. येतात सव्वासहा वर १७ शून्यं ज्यूल. टीएनटीच्या भाषेत सुमारे १५ कोटी टन. हिरोशिमावर पडलेला बाँब साधारण १५ हजार टनांचा होता, म्हणजे तसे दहा हजार. आणि हे करणारा दगड केवढा? दगडी अशनीची घनता पाण्याच्या सव्वातीनपट धरली तर व्यास भरतो जेमतेम १०५ मीटर. पुढारी सभा घेतात तेवढ्या मैदानात मावेल इतका दगड, आणि त्यानं पाडलेला खड्डा पावणेदोन हजार ते एकोणीसशे मीटर रुंद.

आता पुस्तकाच्या मागचं उत्तर. या गणिताला मागचं उत्तरच नाही. वीस लाख टन कुणी तराजूत तोलले नाहीत, अशनी तर धडकेतच संपला. मग हा आकडा बरोबर की चूक, हे ठरवायचं कसं? दुसऱ्या वाटेनं जाऊन पाहायचं. अमेरिकेत ॲरिझोनात बॅरिंजर नावाचं विवर आहे. व्यास सुमारे १.२ किलोमीटर, आणि त्या धडकेची ऊर्जा साधारण एक कोटी टन टीएनटी मानतात. लोणार दीडपटीहून थोडं रुंद. विवराच्या व्यासाच्या घनाबरोबर ऊर्जा वाढते असं ढोबळ मानलं, तर लोणारला साडेतीन-चारपट, म्हणजे साडेतीन-चार कोटी टन लागतील. एका वाटेनं पंधरा कोटी, दुसऱ्या वाटेनं चार कोटी.

मुलांचे चेहरे पडतात. चौपट फरक! परीक्षेत भोपळा मिळेल. मी मात्र खूश असतो. आपण एकाच्या जागी हजार, किंवा कोटीच्या जागी लाख अशा भलत्या गावी पोहोचलो नाही. दोन्ही वाटा एकाच तालुक्यात निघाल्या. शिवाय ॲरिझोनातला खडक वालुकाश्म-चुनखडीचा, आपला काळा बेसाल्ट. तिथं पडला तो लोखंडाचा तुकडा. एवढं सगळं वेगळं असताना चौपटीवर भागलं, हे फार झालं. अभ्यासक्रमातल्या गणितांत हा आनंद कधी मिळत नाही, कारण तिथं वस्तुमान, वेग, कोन सगळं दिलेलं असतं आणि घर्षण नगण्य असतं.

आता पावसाकडं. पाऊस आणि अशनी यांची ऊर्जा सारखी, मग परिणामात एवढा फरक का? जिल्ह्यावर पडणारं ऊन घ्या. चौरस मीटरला दिवसाला पाच युनिट धरली, तर अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यावर साडेतीन दिवसांत पडणारं ऊन म्हणजे लोणारची धडक. दर साडेतीन दिवसांनी आपण एक लोणार अंगावर घेतो आणि फार तर टोपी घालतो. पाऊस काय, ऊन काय, ती ऊर्जा दहा हजार चौरस किलोमीटरवर पसरून सावकाश देतात. अशनीनं ती शंभर मीटरच्या गोलाएवढ्या जागेत, आपल्याच लांबीएवढं अंतर तोडायला त्याला जो वेळ लागला तेवढ्यात दिली. १०५ मीटर भागिले २५,००० : सेकंदाचा सुमारे अडीचशेवा भाग. ऊर्जेला या वेळानं भागलं की शक्ती येते, आणि ती अख्ख्या पृथ्वीवर एका वेळी पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या शक्तीपेक्षाही काही शेकडो पट भरते. ज्यूल आणि वॅट यांत फरक काय, हा प्रश्न तोंडी परीक्षेत दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी मुलं व्याख्या म्हणून दाखवतात. लोणारच्या काठावर उभं राहून विचारला तर व्याख्येची गरज पडणार नाही.

आणखी एक प्रश्न हमखास येतो, आणि तो हुशार प्रश्न आहे : ‘सर, अशनी तिरका आला असेल तर खड्डा लांबट व्हायला पाहिजे होता ना?’ चिखलात तिरका दगड हाणला की लांबट खळगा पडतो, हे प्रत्येकानं लहानपणी पाहिलेलं. लोणारचा अशनी पूर्वेकडून तिरकाच आला असावा असं तिथल्या खडकांचा अभ्यास सुचवतो. तरी विवर जवळजवळ गोल. कारण वेग. सेकंदाला २५ किलोमीटर वेगानं धावणाऱ्या एक किलो दगडात ३१ कोटी ज्यूल असतात. एक किलो टीएनटीत असतात ४२ लाख. म्हणजे प्रत्येक किलो दगड त्याच्या वजनाच्या पंचाहत्तरपट स्फोटक बरोबर घेऊन आला होता. असा दगड खणत नाही, फुटतो. आणि स्फोटाला दिशा विचारत बसायला वेळ नसतो. खडकात शिरलेली प्रघात लाट चहूकडं सारखी पसरली आणि तिनं गोल विवर उचकटलं.

किती उचकटलं? आज दिसणारी पोकळी वाडग्यासारखी धरली, व्यास १.८ किलोमीटर आणि खोली दीडशे मीटर, तर तिचं आकारमान १९ कोटी घनमीटर भरतं. बेसाल्टच्या घनतेनं गुणलं की पंचावन्न कोटी टन दगड. दहा टनांचा एक डंपर याप्रमाणं साडेपाच कोटी खेपा. मिनिटाला एक डंपर, रात्रंदिवस, सणवार न पाळता, तर एकशे पाच वर्षं. हा आजचा खड्डा झाला. तळाशी साचलेला गाळ आणि परत आत पडलेला चुरा मोजला तर मूळचा खड्डा आणखी खोल होता.

या धडकेनं पृथ्वी हलली का, असंही विचारतात. हलली. संवेग अक्षय्यतेचं गणित, अकरावीचं. वीस लाख टन गुणिले वेग, आणि भागिले पृथ्वीचं वस्तुमान, म्हणजे ६ वर २४ शून्यं किलो. पृथ्वीच्या वेगात फरक पडला सेकंदाला एका मीटरच्या लाख-कोटी हिश्श्यांपैकी आठ हिस्से. एका सेकंदात ती आपल्या जागेवरून एका अणूच्या जाडीच्या दहाव्या-बाराव्या भागाएवढी जास्तीची सरकली. वर्षभरात पाव मिलिमीटर. (पृथ्वी सूर्याला बांधलेली आहे, त्यामुळं हा पाव मिलिमीटर सरळ रेषेत साठत गेला असं मात्र कुणी समजू नये. ते गणित निराळं, आणि एमएस्सीच्या पहिल्याच सत्रात भेटतं.) हा अणूच्या बाराव्या भागाचा आकडा लक्षात ठेवा. पुढं लागेल.

इथवर सगळं मजेत चालतं. मग कुणीतरी साधा प्रश्न विचारतं : ‘पण सर, हे झालं कधी?’

लोणारची पाश्चात्त्यांना ओळख झाली ती १८२३ साली, जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यामुळं. त्याच्या आधी शतकानुशतकं लोकांना ते माहीत होतंच. विष्णूनं लोणासुराला तिथंच मारलं ही कथा दैत्यसूदनाच्या देवळात आजही भेटते. खड्डा ज्वालामुखीचा की अशनीचा, हा वाद मात्र बरीच वर्षं चालला, आणि तसं होणं स्वाभाविक होतं. भोवतीचा सगळा मुलूखच लाव्हाचा. दख्खनच्या पठाराचा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यात एक खड्डा ज्वालामुखीचा असला तर नवल काय? १९७३ साली फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलं की लोणारच्या खडकात मास्केलिनाइट आहे. हे खनिज न वितळता काचेसारखं झालेलं फेल्डस्पार. ते होण्यासाठी हवेच्या दाबाच्या तीनेक लाख पट दाब क्षणभर लागतो. कुठलाही ज्वालामुखी एवढा दाब देत नाही. वाद मिटला. बेसाल्टमध्ये पडलेली आणि इतकी चांगली टिकलेली अशनी विवरं पृथ्वीवर अगदी विरळा. म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासक लोणारला येतात, कारण तिथलीही बरीच जमीन बेसाल्टची आहे.

‘कधी’चा वाद मात्र मिटलेला नाही. धडकेत तापलेल्या काचेची उष्मादीप्ती मोजून १९९७ साली वय निघालं ५२ हजार वर्षं, सहा हजार इकडं-तिकडं. २०११ साली जुर्दाँ आणि सहकाऱ्यांनी आर्गॉन पद्धतीनं वय काढलं ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडं-तिकडं. पुन्हा वाचा. दुसऱ्या मापनातली नुसती अनिश्चितताच पहिल्या मापनातल्या पूर्ण वयाएवढी आहे. आणि पुढं वैश्विक किरणांमुळं खडकात तयार होणाऱ्या समस्थानिकांवरून काढलेलं वय परत ४० हजारांच्या आतबाहेर आलं. शेतातल्या बांधावरून भांडणारे भाऊसुद्धा इतक्या लांब उभे नसतात.

आर्गॉनचं गणित बीएस्सीच्या मुलाला येतं, आणि ते करून पाहण्यासारखं आहे. पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी अणू. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. त्यातले दहाएक टक्के अणू फुटून आर्गॉन-४० होतात. खडक वितळला की जुना आर्गॉन वायू निघून जातो आणि घड्याळ शून्यावर येतं. पुढं साठलेला आर्गॉन मोजला की वय कळतं. आता आकडे घाला. निसर्गातल्या दर दहा हजार पोटॅशियम अणूंत पोटॅशियम-४० जेमतेम एक. ५ लाख ७० हजार वर्षांत त्यातले फुटले टक्क्याच्या तीन शतांश. त्यांतला दहावा भाग आर्गॉन. शेवटी हाती काय लागतं? दर एक अब्ज पोटॅशियम अणूंमागे आर्गॉनचे चार अणू. वय ५२ हजार असेल तर तेवढ्याच अब्जातून चारही नाहीत. तीन अब्जांमागे एक.

आणि खरी मेख पुढं आहे. अशनीनं ज्या बेसाल्टला वितळवलं तो स्वतः ६ कोटी ६० लाख वर्षांचा. त्याच्या पोटात त्याच हिशेबानं दर अब्जामागे साडेचारशेहून जास्त आर्गॉन अणू आधीच साठलेले. धडकेच्या उष्णतेत ते सगळे निघून गेले पाहिजेत. समजा नव्याण्णव टक्के गेले आणि एक टक्का अडकून राहिला. साडेसहा कोटी वर्षांचा एक टक्का म्हणजे साडेसहा लाख वर्षं. तो उरलेला एक टक्काच तुम्हाला लोणारचं अख्खं वय खोटं दाखवू शकतो! म्हणून प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्यानं तापवतात, प्रत्येक टप्प्याला सुटणारा आर्गॉन वेगळा मोजतात आणि जुना कुठला, नवा कुठला हे आलेखावरून वेगळं काढतात. जुर्दाँ मंडळींनी हे सगळं केलं होतं. दुसऱ्या बाजूच्या घड्याळाला उलटी खोड. वैश्विक किरणांचं घड्याळ खडक उघड्यावर कधी आला ते सांगतं. वरचा थर पावसापाण्यानं झिजत गेला तर वय आहे त्याहून कमी दिसतं. एका घड्याळाला पुढं पळण्याची भीती, दुसऱ्याला मागं पडण्याची. मला विचाराल तर आर्गॉनची बाजू थोडी जड वाटते, पण काठाची ताजीतवानी ठेवण पाहिली की मन परत हेलकावतं.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभरच्या वाहिन्या धावत आल्या. दहापट वयाचा हा वाद त्याहून कितीतरी गुलाबी आहे, पण त्याचा फोटो निघत नाही.

‘बीएस्सी झाल्यावर काय’ या प्रश्नाचं माझं उत्तर इथं येतं. ज्या मुलाला उत्तर जुळेपर्यंत चैन पडत नाही आणि जुळलं की वही मिटावीशी वाटते, त्यानं खुशाल बँकेची, एमपीएससीची तयारी करावी; ती कमी दर्जाची कामं नाहीत. ज्याला त्या एक टक्क्यानं रात्री झोप येणार नाही, त्यानं पीएचडीचा विचार करावा. गुण किती, हा त्यानंतरचा प्रश्न. पीएचडीची साधारण पाच वर्षं म्हणजे अशाच एखाद्या अधिक-उणे चिन्हाबरोबरचा संसार. आता पैशाचंही स्पष्ट सांगतो, कारण घरून तेच विचारतात. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये, दोन वर्षांनंतर ४२ हजार, शिवाय घरभाडं. शेतकऱ्याच्या घरात हा आकडा मास्केलिनाइटपेक्षा जास्त पटतो.

वाटा ठरलेल्या आहेत. एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम. मुंबईच्या टीआयएफआरची, पुण्याच्या आयुकाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात तिथं जाऊन काम करण्याच्या शिष्यवृत्त्या, ज्यांचे अर्ज आपल्याकडची मुलं भरतच नाहीत आणि इंग्रजीला घाबरून दुसऱ्याला सोडून देतात. तुक्का मारून निभेल का, असंही एखादा प्रामाणिक जीव विचारतो. निभत नाही, आणि हेही गणितानं दाखवता येतं. जॅमच्या पहिल्या विभागात चार पर्यायांचे तीस प्रश्न असतात. ते सोडवण्याचे एकूण प्रकार चाराचा तिसावा घात, म्हणजे एक वर १८ शून्यांहून जास्त. विश्वाच्या जन्मापासून, १३८० कोटी वर्षं, दर सेकंदाला एक याप्रमाणं उत्तरपत्रिका भरत बसलात, तर आजवर निम्म्याही भरून झाल्या नसत्या. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. डोळे मिटून सगळे सोडवले तर सरासरी येते बरोबर शून्य. पेपर काढणाऱ्यांनाही संभाव्यता येते.

आता जरा पलीकडच्या जिल्ह्यात. लोणारपासून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरवर, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आपला अशनी लोणारपासूनचं हे अंतर तीन सेकंदांत तोडेल. चार-चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन नळ्या. आत निर्वात पोकळी, लेझर आणि आरसे. काम एकच, त्या चार किलोमीटरच्या लांबीत पडणारा फरक मोजणं.

अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर पकडली. १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. एक सूर्याच्या ३६ पट जड, दुसरं २९ पट. झालं ते ६२ पट. तीन सूर्य गायब. आइन्स्टाइनच्या सूत्रानं त्याची ऊर्जा काढा आणि तिला लोणारच्या ऊर्जेनं भागा : एक वर तीस शून्यं इतकी लोणारं, तीही सेकंदाच्या काही हिश्श्यात. आणि तिथून निघालेली लहर पृथ्वीवर पोहोचली तेव्हा तिनं चार किलोमीटरची लांबी किती बदलली? प्रोटॉनच्या जाडीच्या चारशेव्या भागाएवढी. अशनीच्या धडकेनं पृथ्वी एका सेकंदात अणूच्या बाराव्या भागाएवढी सरकली, असं मघाशी म्हटलं. त्या सरकण्याचा हा वीस लाखावा हिस्सा. हे मोजायचं, तेही रस्त्यावरचा ट्रक, दूरचा भूकंप, समुद्राची गाज, आरशातल्या अणूंची थरथर हे सगळं चालू असताना.

एवढ्या गोंगाटात तो हिस्सा ओळखायचा कसा, याचं गणित आधीच तयार होतं आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. लहर कशी दिसेल हे आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून आधी काढून ठेवायचं, आणि तो नमुना यंत्राच्या नोंदीवर सरकवत जुळतो का पाहायचं. किती नमुने घ्यावेत, ते कसे निवडावेत, यावर आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली शोधनिबंध लिहिला, पहिली लहर सापडण्याच्या चोवीस वर्षं आधी. २०१५ च्या त्या नोंदीवर असे सुमारे अडीच लाख नमुने लावून पाहिले गेले. धुरंधरांनी ते काम केलं तेव्हा लहर सापडेल याची कुणीही हमी दिलेली नव्हती. जेआरएफचा अर्ज भरणाऱ्या मुलाला मी ३७ हजारांच्या आकड्याबरोबर हा चोवीसचा आकडाही सांगतो.

नमुना जुळला म्हणजे लहरच असं नाही. गोंगाटही योगायोगानं तसा दिसू शकतो. म्हणून लायगोच्या मंडळींनी योगायोगाचाही हिशेब केला. दोन्ही यंत्रांत नुसत्या गोंगाटानं एकाच वेळी असा खोटा इशारा उमटण्याची वेळ येईल ती २ लाख ३ हजार वर्षांत एकदा, किंवा त्याहूनही क्वचित. हा आकडा ऐकून मेहकरकडचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, मंग लोणारचा दगड पडला तवापासून हे यंत्र चालू राहिलं असतं, तं आतालोक किती खेपा फसलं असतं?’ प्रश्न फळ्यावर लिहिण्याजोगा होता. लोणार ५२ हजार वर्षांचं असेल तर फसण्याची शक्यता फार तर चारात एक. ५ लाख ७० हजारांचं असेल तर फार तर तीनदा फसलं असतं. यांतलं नेमकं कुठलं, ते त्या उरलेल्या एक टक्का आर्गॉनला ठाऊक.